बाईकवर रडार डिटेक्टर: बोंबलला, पण मला ऐकूच आलं नाही

धुळेकर_जर्सी

मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न विचारतो.

कारमध्ये तीन वर्षं वापरलेला रडार डिटेक्टर (पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल लागली की ओरडणारं यंत्र) मे महिन्यात काढून माझ्या व्ही-स्ट्रॉम ६५० वर लावला. मोबाइलचा होल्डर होता, त्यात बसवला आणि वरून दोन रबरबँड. हो, रबरबँड. हसून घ्या. वायर टाकीवरच्या बॅगेतून पॉवरबँकला, त्यासाठी ऑनलाइन मिळालेली एक यूएसबीची अडॅप्टर वायर.

रविवारी सकाळी न्यू जर्सीतल्या रूट २३ ने वर पोर्ट जर्व्हिसकडे निघालो. पुढे न्यूयॉर्कच्या ९७ नंबरवर हॉक्स नेस्ट आहे, डेलावेअर नदीच्या वर कड्याला चिकटून गेलेली वळणं. आपल्याकडच्या घाटाची भूक अमेरिकेत इथे थोडीफार भागते. तिथवर पोचलोच नाही. ताशी ५० मैलांच्या पट्ट्यात ६६ वर धरला गेलो.

बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, आणि तेव्हा पहिल्यांदा डिटेक्टर ऐकू आला. मागच्या पोलीस गाडीचं रडार चालूच होतं आणि हा बिचारा मघापासून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. पोलिसाने त्याच्याकडे पाहिलं, रबरबँडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. तिकिटापेक्षा तेच जास्त लागलं.

न्यू जर्सीत १५ ते २९ मैल जास्त म्हणजे लायसन्सवर दंडाचे ४ पॉइंट. मी १६ ने जास्त. दोन मैल कमी असतो तर २ वर सुटलो असतो.

प्रश्न असे: बसवायचा कुठे, करंट कुठून घ्यायचा, आवाज कानापर्यंत कसा न्यायचा? आणि सप्टेंबरात व्हर्जिनियातल्या स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगरातल्या रस्त्याला जायचं आहे, त्या राज्यात याचं काय करायचं? कोणता डिटेक्टर चांगला यावर भांडू नका, त्यासाठी इंटरनेट भरलेलं आहे.

सातारी_तर्रा

रबरबँड? लेका, आमच्याकडं भेळेच्या पुडीलापण दोरा बांधत्यात.

वायरमन

धुळेकर, तुमचं मूळ दुखणं रबरबँड नाही, कान आहे. पण सुरुवातीपासून सांगतो. मी गेली अकरा वर्षं दोन बाईकवर हा उद्योग केलाय आणि यातली प्रत्येक चूक माझी करून झालेली आहे.

करंट. हे सगळे डिटेक्टर १२ व्होल्टवर चालतात. यूएसबीतून ५ व्होल्ट येतात, ती अडॅप्टर वायर ते वाढवून देते. स्वस्तातल्या वायरीत गडबड इतकी असते की डिटेक्टर तिलाच रडार समजून ओरडतो. बाईकला १२ व्होल्टची बॅटरी आहेच, तिच्यावरच घ्या. मात्र थेट बॅटरीला जोडू नका. डिटेक्टर अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही, पण शुक्रवारी रात्री चालू राहिला तर रविवारी सकाळी धक्का मारायची पाळी येते. बाईकची बॅटरी ती केवढी!

मी सीटखाली छोटा रिले (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच) बसवला. रिलेला जागं करणारी वायर टेललाइटवरून, कारण चावी फिरवली की टेललाइट लागतो. प्रत्यक्ष करंट बॅटरीच्या प्लसवरून, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीजवळच. लोक फ्यूज हँडलजवळ लावतात, मग मधली चार फूट वायर कुठे घासली तर तिला वाली कोण? वायर फ्रेमच्या कडेने, टाकीच्या खालून पुढे. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा, कुठे ताणते का, कुठे चिमटते का. हे इंजिन बंद असताना गॅरेजमध्ये करायचं, वळणावर नाही.

डिटेक्टरच्या टोकाला टेलिफोनसारखी आरजे११ पिन असते. तिचा तो प्लास्टिकचा खटका कंपनांनी पहिला तुटतो. वायरला पिनेपासून तीन-चार इंचांवर टायने माउंटलाच बांधून टाका, म्हणजे झटके पिनेला बसत नाहीत.

जागा. डिटेक्टरला समोरचा रस्ता दिसला पाहिजे आणि तो रस्त्याशी सपाट हवा. वाइंडस्क्रीनच्या प्लास्टिकमधून रडार आरपार येतं, त्याची काळजी नको. धातूमधून येत नाही. ब्रेक फ्लुइडची डबी, आरशाची दांडी, मोबाइल, यांच्या मागे लपवला तर त्याच्या डोळ्यावर पट्टी. लेझर गन ओळखणारं त्याचं भिंग तर त्याहून नाजूक, समोर धुळकट स्क्रीन असली तरी फरक पडतो. रॅम माउंट या होल्डरचा एक इंची बॉल हँडलच्या क्लॅम्पवर घेतला की झालं. मध्ये रबराची कंपन शोषणारी चकती मिळते, ती घ्या. आणि होल्डर कितीही भारी असला तरी एक बारीक दोरी डिटेक्टरला बांधून ठेवा. माझा पहिला डिटेक्टर आय-७० हायवेवर मागच्या ट्रकच्या चाकाखाली गेला. आवाज मात्र मला आला. त्याचा तेवढाच.

पाऊस. कारसाठी बनवलेले डिटेक्टर वॉटरप्रूफ नसतात. झिपवाल्या पिशवीत घातला तर रडार येतं, पण उन्हात त्या पिशवीत भाकरी भाजून निघेल. मी पिशवी सीटखाली ठेवतो आणि पाऊस आला तरच काढतो. सरळ बाईकसाठी बनवलेला पाणी सोसणारा हवा असेल तर अडॅप्टिव्हचा टीपीएक्स आहे, बाहेर लावायचा दिवा त्याच्यासोबतच येतो.

कानाचं रात्री लिहितो, आता शिफ्ट आहे.

मी_मुक्ता

मी इमर्जन्सीमध्ये नर्स आहे. तुम्हा लोकांची वायरिंग वाचून कौतुक वाटलं, खरंच. पण एक विचारू का? एवढा रिले, एवढा फ्यूज, त्यापेक्षा ५० च्या पट्ट्यात ५० ने चालवलं तर नाही का चालत? आमच्याकडे बाईकवाले येतात ते पोलिसांनी पकडलेले नसतात. जीन्स घातलेली असते आणि ती कापायला मला वीस मिनिटं लागतात, कारण खालची कातडी तिच्यातच अडकलेली असते.

धुळेकर_जर्सी

ताई, मान्य. खोटं नाही बोलत, डिटेक्टर घेतला तेव्हा मनात जोरात पळवायचंच होतं. आता तसं वाटत नाही. पण रूट २३ वर मर्यादा ५५, मग ५०, मग गाव आलं की ४०, असं पाट्यांवर पाट्या. मला तो कान टोचणारा हवाय.

मी_मुक्ता

कान टोचायला पाट्या आहेत की. बरं, जाऊ दे. गुडघ्याचं आणि कोपराचं पॅडिंग घालता ना, तेवढं सांगा.

धुळेकर_जर्सी

घालतो. जॅकेट, पँट, बूट, सगळं. देवाशपथ.

भौतिकराव

थोडं शास्त्र, कारण वर कोणीतरी वॉट्सॅपवर आलेलं 'डिटेक्टर पोलिसांच्या रडारला गोंधळवतो' असं टाकलं होतं (ते पोस्ट उडालेलं दिसतंय). गोंधळवतो तो जॅमर, आणि रडार जॅमर अमेरिकेत केंद्रीय कायद्यानेच बंद आहे. डिटेक्टर नुसता ऐकतो.

पोलिसांची रडार गन एक लहर सोडते, ती तुमच्यावर आपटून परत जाते. तुम्ही जवळ येत असाल तर परतणारी लहर थोडी जास्त वारंवारतेची असते, हाच तो डॉप्लर. रडारच्या वारंवारतेचे ठरलेले पट्टे असतात, त्यांना बँड म्हणतात; के बँड म्हणजे २४.१५ गिगाहर्ट्झ. त्यावर वेगाच्या दर एका मैलामागे फरक पडतो साधारण ७२ हर्ट्झचा. धुळेकरांचे ६६ मैल म्हणजे ४,७५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येईल असा सूर. बऱ्याच गनमध्ये तो सूर पोलिसाला ऐकवलाही जातो. म्हणजे त्या सकाळी तुमची शिट्टी त्याने ऐकली, तुमच्या डिटेक्टरची मात्र तुम्ही ऐकली नाही.

डिटेक्टरला फायदा का मिळतो? गनला जाऊन परत आलेली, अशक्त झालेली लहर वाचावी लागते. डिटेक्टरला फक्त जाणारी पुरते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर तो गनच्या टप्प्याच्या कितीतरी आधी बोलतो. पण पोलीस गन बंद ठेवून बसला आणि तुम्ही समोर आल्यावरच खटका दाबला तर हा फायदा शून्य. तेव्हा तो वाजतो तो फक्त बातमी द्यायला. पुढच्या गाडीवर कोणी खटका दाबला तर त्याची सांडलवंड तुमच्यापर्यंत येते, तेवढीच आशा.

आता बँड. एक्स जवळजवळ गेला, पण न्यू जर्सी आणि ओहायोत एखाद्या जुन्या गनसाठी लोक चालू ठेवतात. के वर आता सगळा बाजार भरलाय: सुपरमार्केटची आपोआप उघडणारी दारं आणि शेजारच्या गाड्यांचे ब्लाइंड स्पॉटवाले सेन्सर. खरा महत्त्वाचा केए, त्यातही ३३.८, ३४.७ आणि ३५.५ गिगाहर्ट्झ. केए वाजला की विचार करत बसायचं नाही.

रडारऐवजी लेझरने वेग मोजणाऱ्या गनचं तर नावच सोडा. हजार फुटांवर त्याचा झोत जेमतेम ३ फुटांचा. तो तुमच्या हेडलाइटवर रोखलेला असतो. डिटेक्टर 'लेझर' म्हणेपर्यंत आकडा तिकडे लिहून झालेला असतो.

वायरमन

शिफ्ट संपली. आता कान.

पासष्ट मैलांवर हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. डिटेक्टरचा भोंगा कारच्या बंद काचांसाठी केलेला, तो इथे काय पुरा पडणार? मार्ग तीन.

एक, वायर. बऱ्याच डिटेक्टरांना ३.५ मिमीचं जॅक असतं, तिथून इयरफोन. स्वस्त आणि खात्रीचं, पण उतरताना प्रत्येक वेळी मान अडकते. मी एकदा पेट्रोल पंपावर बाईकला बांधलेल्या शेरडासारखा उभा होतो.

दोन, ब्लूटूथ. व्हॅलेंटाइन वन या डिटेक्टरची दुसरी पिढी (२०२० ची) फोनशी बोलते. अँड्रॉइडवर जेबीव्ही१ हे अ‍ॅप टाकलं की फोन हेल्मेटमधल्या सेना किंवा कार्डोच्या ब्लूटूथ स्पीकरकडे आवाज पाठवतो. युनिडेन-एस्कॉर्टमध्येही ब्लूटूथवाली मॉडेलं आहेत, पण आवाज खरंच हेल्मेटपर्यंत पोचतो का ते घेण्याआधी तपासा. अ‍ॅपचा खरा उपयोग वेगळाच: ठरावीक वेगाखाली ते गप्प बसतं, आणि रोजच्या वाटेवरच्या दुकानाचं दार एकदा ओळखून ठेवलं की पुन्हा त्रास देत नाही. बाईकवर हे हवंच. कारमध्ये उगाच वाजला तर हात लांबवून म्यूट करता येतं, इथे क्लच सोडून हातमोज्यातून मुगाएवढं बटण शोधायचं का?

तीन, दिवा. हेल्मेटच्या आत किंवा स्पीडोमीटरच्या बाजूला एक लाल एलईडी. नजरेच्या कोपऱ्यात हवा, नेमका समोर नको. रात्री समोर असला तर डोळे दिपतात.

मी दोन आणि तीन दोन्ही वापरतो. आणि ऐकून नवल वाटेल: फोमचे इअरप्लग घाला. वारा कापला जातो, आणि स्पीकर कानाला चिकटलेला असल्याने त्याचा आवाज उलट स्वच्छ येतो. स्पीकर कानाच्या भोकासमोर बरोबर बसलाय का ते बघा. अर्धा इंच सरकला तरी निम्मा आवाज जातो. माझ्या हेल्मेटमध्ये अस्तराखाली पुठ्ठ्याची चकती घालून तो पुढे आणावा लागला.

इयरफोनबद्दल एक: न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत चालत नाहीत. हॉक्स नेस्ट न्यूयॉर्कात येतं, लक्षात ठेवा.

अजून एक, विषय थोडा सोडून. फोन हँडलवर लावत असाल तर महागडा आयफोन लावू नका. मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असं खुद्द अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलंय. अ‍ॅपसाठी जुना फोन खिशात पुरतो.

सातारी_तर्रा

शेरडू 😂 वायरमनदादा, डोळ्यासमोर आला पंप.

चक्रधर_अ‍ॅलनटाउन

आमच्या पेनसिल्व्हेनियाचं त्रांगडं सांगतो, तुम्ही आय-७८ ने इथूनच जाणार. इथे वर्षानुवर्षं रडारगन फक्त स्टेट पोलिसांना, गावच्या पोलिसांना नाही. म्हणून गावचे पोलीस काळ आणि अंतर मोजतात. रस्त्यावर ठरावीक अंतराने आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या की समजायचं. एका रेघेवर चाक आलं की घड्याळ सुरू, दुसरीवर बंद. यात लहरबिहर काही नाही, तुमचा हजार डॉलरचा डिटेक्टर तिथे शोभेचा. मी पोरांना सांगतो, रेघा दिसल्या की गुमान चाला.

कोथरूडकर

बाहेरून येणाऱ्या मावसभावाकडून एक मागवावा म्हणतोय, हिमालयन ४५० साठी. इथे उपयोग होईल का?

भौतिकराव

काय करणार घेऊन? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बाईकला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. उरला जुना हायवे. तिथे महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत लेझर गन असते, लेझरचं वर लिहिलंय. आणि कॅमेऱ्यांचा तर डिटेक्टरशी संबंधच नाही. एक्सप्रेसवेवर २०२४ च्या जुलैपासून जी यंत्रणा आहे ती दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढते. कॅमेऱ्याजवळ ब्रेक मारून पुढे पळणाऱ्या कारवाल्यांना तिथेच चलन येतं. मावसभावाकडून चांगलं जॅकेट मागवा.

कोथरूडकर

जॅकेट मागवतो. धन्यवाद.

ब्रॅम्प्टनची_सून

नायगारा बघायला बाईकने येणाऱ्यांनो, ऑन्टॅरिओत डिटेक्टर नुसता जवळ असणंही गुन्हा आहे. बंद असो, बॅगेत असो, जप्त होतो. कॅनडात अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया आणि सस्कॅचेवान एवढ्याच प्रांतांत चालतो. माझ्या दिराने सीमेवरच्या पुलाच्या अलीकडे बफेलोतल्या मित्राकडे ठेवला आणि मग तो मित्रच तो सहा महिने वापरत बसला.

नाना_रिचमंड

धुळेकर, व्हर्जिनिया माझ्याकडे. सत्तावीस वर्षं इथे आहे.

अमेरिकेत खाजगी गाडीत डिटेक्टर फक्त दोन ठिकाणी बंद: व्हर्जिनिया आणि शेजारचं वॉशिंग्टन डी.सी. आमच्या कायद्यात एक फट आहे ती नीट वाचा: यंत्राला करंट नसेल आणि ते चालवणाऱ्याच्या किंवा मागे बसलेल्याच्या सहज हाताशी नसेल, तर चालतं. कारमध्ये डिकीत टाकतात. बाईकवर टाकीवरची बॅग चालणार नाही, ती हाताशीच असते. मागच्या कुलूपबंद पेटीच्या तळाला ठेवा. बंद करून हँडलवर तसाच ठेवला तर वाद घालायला कोर्टात यावं लागेल. दंड होतो, पॉइंट लागत नाहीत.

चालू ठेवला तर त्यांना कसं कळतं असं वाटेल. डिटेक्टरच्या आतल्या रिसीव्हरमधून स्वतःचीच थोडी लहर बाहेर गळते, तिचा माग काढणारं यंत्र पोलिसांकडे असतं. त्या यंत्रालाही चकवणारे डिटेक्टर निघाले. असो, चोर-पोलीस.

पण खरी गोष्ट डिटेक्टरची नाहीच, ती पुढची. इथे मर्यादेपेक्षा २० मैलांनी जास्त किंवा मर्यादा काहीही असो ८५ च्या वर गेलात की ते साधं तिकीट नाही, रेकलेस ड्रायव्हिंग. क्लास १ मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी. २,५०० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. पहिल्यांदा कैद सहसा देत नाहीत, पण नोंद राहते. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर व्हिसाच्या फॉर्ममध्ये अटक किंवा गुन्ह्याबद्दलचा तो प्रश्न येतो, ठाऊक असेलच. आमच्या मंडळातला एक मुलगा आय-८१ वर ९१ ला सापडला. तिकीट समजून ऑनलाइन पैसे भरायला गेला तर कोर्टात हजर व्हा म्हणून लिहिलेलं. पुढच्या व्हिसा स्टॅम्पिंगला मुंबईत कोर्टाचे कागद घेऊन बसला होता, आई बाहेर देवाचं नाव घेत.

आणि स्कायलाइन ड्राइव्हवर मर्यादा ३५ आहे. १०५ मैल, सगळे ३५ ने. तिथे हरणं आहेत, अस्वलं आहेत. डिटेक्टर अस्वलाला वाजत नाही.

मी_मुक्ता

नाना, हे शेवटचं वाक्य माझं समजा.

धुळेकर_जर्सी

सप्टेंबरचा वृत्तान्त, उशिरा.

वायरमनदादांनी सांगितलं तसं सगळं केलं. रिले सीटखाली, फ्यूज बॅटरीजवळ, दोरीसुद्धा बांधली. दोन शनिवार गेले, एक टेललाइटची वायर चुकून भलतीच कापली. स्पीकर खरंच अर्धा इंच खाली होता. पहिल्यांदा घराजवळच्या फार्मसीच्या दारावरून गेलो आणि कानात 'के बँड' असं स्पष्ट ऐकलं, तेव्हा भर रस्त्यात हसायला आलं.

आय-७८ ने निघून हॅरिसबर्गजवळ ८१ धरला. पेनसिल्व्हेनियात केए दोनदा वाजला, दोन्ही वेळा मी मर्यादेतच होतो, तरी हात आपोआप सैल झाला. जेवायला गावात शिरलो तिथे चक्रधर म्हणतात त्या रेघा दिसल्या, गुमान चाललो. मागून एक पिकअप हॉर्न वाजवत होता, वाजवू दिला.

वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला पेट्रोल भरताना डिटेक्टर काढला, पावसाळी पँटच्या घडीत गुंडाळला, मागच्या पेटीच्या तळाला ठेवून कुलूप लावलं. फ्रंट रॉयलच्या नाक्यावर पास दाखवला आणि आत शिरलो. पहिल्या दहा मैलांतच एका वळणामागे रस्त्याच्या मधोमध हरणी उभी, शेजारी पाडस. ३५ वर होतो म्हणून नुसता थांबलो. ती माझ्याकडे बघत उभी, मी तिच्याकडे. मग पाडसाने ठरवलं आणि दोघं खाली उतरली.

परत येताना मार्टिन्सबर्गला डिटेक्टर पुन्हा लावायला गेलो तर कंटाळा आला. पेटीतच राहिला घरापर्यंत.

नाना, एकच अडचण आली. डिटेक्टर काढल्यावर वायरचं टोक हँडलजवळ उघडं राहिलं आणि वाटेत धुकं. पिनेत पाणी शिरलं की काय अशी भीती वाटते. तुम्ही लोक काय लावता?

वायरमन

आरजे११ ला रबराचं टोपण मिळतं. पण मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंची तुकडा वापरतो, एका टोकाला दोऱ्याने गच्च बांधून. पिन आत सरकवायची, वर टाय.

सातारी_तर्रा

आनि दोरा नसला तर रबरबँड हायेच की.